तीन शिलिंग सात पेन्स

स्वयंपाक आटोपला असेल, नसेल तर भाकरी थापता थापता ऐका. मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत सगळ्यांनी गळ घातली होती, की बाई, तुम्ही पाच महिने ऑस्ट्रेलियात राहून आलात, तिथलं काहीतरी रेडिओवर सांगा. मला वाटलं, कांगारू सांगावेत, समुद्र सांगावा. पण खरं सांगू का, कांगारू मी एकदाच पाहिला, तोही लांबून. मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. घर, दवाखाना, बाजार आणि रेल्वे स्टेशन एवढंच माझं ऑस्ट्रेलिया. तेव्हा त्या एका उपनगराचीच गोष्ट सांगते. गोष्ट रोजगाराची आहे आणि तुमच्या-माझ्या खुरपणीच्या रोजापर्यंत येते.

लेक मेलबर्न शहराच्या पश्चिमेला राहते. तिच्या उपनगराचं नाव सनशाईन. सनशाईन म्हणजे ऊन. मी जूनमध्ये उतरले तर तिथे कडाक्याची थंडी, आभाळ भरलेलं आणि गावाचं नाव ऊन. तिकडे ऋतू उलटे असतात, हे मी शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण अंगावर काटा आल्यावर पटलं.

मला वाटलं, कुणीतरी हौसेनं ठेवलं असेल नाव. लेक म्हणाली, नाही आई, हे एका मळणीयंत्राचं नाव आहे. गावाला यंत्राचं नाव! मग मला राहवेना. बाळ झोपलं की ती मला तिथल्या वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचून, मराठीत करून सांगायची. त्यातलंच आज सांगते.

तो भाग सगळा सपाट माळ. जमिनीखाली काळा दगड, आपल्या दख्खनसारखाच ज्वालामुखीतून आलेला. त्याच्या खाणी तिथे पुष्कळ होत्या. गोरे लोक यायच्या आधी हजारो वर्षं हा मुलूख कुलिन लोकांचा. ते तिथले मूळ रहिवासी, त्या माळावर, ओढ्याकाठी कंद खणणारे, शिकार करणारे. गोऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मेंढ्या आणल्या, कुंपणं घातली, आणि त्यांची जमीन गेली. पुढे रेल्वे आली, दोन फाटे तिथे वेगळे व्हायचे, म्हणून गावाला ब्रेब्रुक जंक्शन म्हणू लागले. आपल्याकडे मनमाड कसं, तसं. फक्त फार लहान.

आता यंत्राचं ऐका. ह्यू व्हिक्टर मकाय नावाचा शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८६५ चा, बाराएक भावंडांतला. गव्हाची शेती. त्या काळी एक यंत्र फक्त कणसं ओरबाडून घ्यायचं. मग ती कणसं मळायची, मग उफणायची. आपण खळ्यावर वाऱ्याची वाट बघत उभ्या राहायचो ना सूप घेऊन, तेच काम, तिथे हातानं फिरवायच्या पंख्यानं. या पोरानं १८८४ साली, वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी, भावाला हाताशी धरून शेतातल्या छपरातच जुन्या यंत्रांचे तुकडे जोडून एक गाडा तयार केला. घोडे गाडा ओढायचे आणि शेतात एका फेरीतच कणीस तोडणं, मळणं आणि उफणणं होऊन धान्य पोत्यात पडायचं. त्याचं नाव त्यानं पुढे ‘सनशाईन हार्वेस्टर’ ठेवलं.

यंत्र खूप चाललं. परदेशात, पार अर्जेंटिनापर्यंत जाऊ लागलं. आधी कारखाना बॅलरॅट या गावी होता. मकायनं ब्रेब्रुक जंक्शनला १९०४ साली एक कारखाना विकत घेतला आणि दोन-तीन वर्षांत सगळा कारभार तिथे हलवला. बंदर जवळ, रेल्वे दाराशी. आणि दुसरं एक कारण सांगतात, ते लक्षात ठेवा. मोठ्या गावांत मजुरी ठरवणारी मंडळं होती, त्यांचे दर तिथे बांधून असायचे. ब्रेब्रुक जंक्शन त्या हद्दीच्या बाहेर होतं.

कामगार आले, त्यांच्यासाठी घरं उठली, कारखान्यातल्या विजेवर दिवे लागले, १९०७ साली लोकांनी गावाचं नाव बदलून सनशाईन करून घेतलं. कारखान्यासमोर रुळाच्या पलीकडे मालकानं बागही केली, १९०९ साली. ती बाग अजून आहे. मी बाळाला घेऊन तिथे जाऊन बसायचे. मोठमोठी जुनी झाडं आहेत, आणि बाक स्वच्छ.

आता खरी गोष्ट. त्या वेळच्या सरकारनं १९०६ साली एक कायदा केला. बाहेरच्या देशातून येणाऱ्या यंत्रांवर जकात वाढवली, म्हणजे देशातल्या कारखानदाराला संरक्षण. पण बदल्यात अट घातली, की तुम्ही कामगाराला न्याय्य आणि वाजवी मजुरी देत असाल तरच तुमच्या यंत्रावरचा कर माफ. मकाय कोर्टात गेला, म्हणाला, माझी मजुरी वाजवी आहे, तसं लिहून द्या. साध्या, बिनकसबी मजुराला तो दिवसाला ६ शिलिंग देत होता.

शिलिंग म्हणजे काय ते आधी बघू. आपल्याकडे पूर्वी आणे-पैसे होते ना, तसंच. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगचा एक पौंड. दिवसाला ६ शिलिंग, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ३६ शिलिंग.

न्यायाधीश होते हेन्री बोर्न्स हिगिन्स. त्यांच्यापुढे प्रश्न असा, की वाजवी म्हणजे किती? कायद्यात आकडा नव्हता. दुसरा एखादा म्हणाला असता, आजूबाजूला जो दर चालतो तो वाजवी. हिगिन्स म्हणाले, तसं नाही, पोटाला गरज असलेला माणूस मालकासमोर सौदा करायला बसला की तो सौदा बरोबरीचा नसतो. मजूर हा माणूस आहे, सुधारलेल्या समाजात राहतो, तर माणसासारखं राहायला त्याला काय लागतं ते आधी मोजा.

आणि मोजायचं कसं? मैत्रिणींनो, इथे मी लेकीला थांबवलं आणि म्हणाले, पुन्हा वाच. १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये कोर्टात मजुरांच्या बायका साक्षीला आल्या. त्यांनी घरखर्च सांगितला. भाडं किती, किराणा किती, पाव किती, मटण किती, दूध, सरपण, भाजी. घरात साधारण पाच माणसं, म्हणजे नवरा-बायको आणि तीन लेकरं. सरासरी काढली तर नुसतं भाडं, किराणा आणि खाणंपिणं मिळून आठवड्याला ३२ शिलिंग ५ पेन्स.

करा वजाबाकी. ३६ शिलिंगातून ३२ शिलिंग ५ पेन्स गेले. उरले ३ शिलिंग ७ पेन्स.

हिगिन्स यांनी निकालात यादीच दिली, की वरच्या हिशेबात काय काय धरलेलंच नाही. दिवाबत्ती नाही. कपडे नाहीत, बूट नाहीत. भांडीकुंडी, घरातलं सामान नाही. विमा नाही, बचत नाही. काम सुटलं तर त्या दिवसांची सोय नाही. पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. ट्रामचं, गाडीचं भाडं नाही. शिवणयंत्र नाही. धुतलेले कपडे पिळायचा रूळ नाही. मुलांच्या शाळेचं सामान नाही. सण-सुट्टी नाही, तंबाखू नाही. आजारपण नाही, मरण नाही, देवधर्म नाही, कुणाला दोन पैसे द्यायचे तर तेही नाहीत. हे सगळं त्या ३ शिलिंग ७ पेन्समध्ये बसवायचं.

एवढ्या मोठ्या न्यायाधीशाच्या निकालात शिवणयंत्र आणि कपडे पिळायचा रूळ! मला त्या माणसाचं कौतुक वाटतं, पण त्याहून जास्त त्या बायांचं. वकील उलटसुलट विचारत असताना उभं राहून, आमच्या घरात आठवड्याला एवढं मटण लागतं, हे सांगायला धाडस लागतं. आपण गटात नवीन बाईला खर्च विचारला तर ती म्हणते, लागतं काहीबाही. काहीबाही म्हटलं की वजाबाकी कशी करणार?

८ नोव्हेंबर १९०७ ला निकाल लागला. बिनकसबी मजुरालाही दिवसाला किमान ७ शिलिंग, आठवड्याला ४२. मकायची मजुरी वाजवी नाही.

मकायनं ७ शिलिंग दिले का? नाही दिले. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि १९०८ च्या जूनमध्ये वरच्या कोर्टानं तो कायदाच घटनेत बसत नाही म्हणून रद्द केला. पुढे १९११ साली त्या कारखान्यात मोठा संप झाला, जवळजवळ तीन महिने चालला, आणि कामगार हरले. ज्या कारखान्यामुळे देशाला किमान वेतन कळलं, त्या कारखान्यानंच ते नाकारलं. पण हिगिन्स यांनी आपली मोजपट्टी सोडली नाही. पुढच्या खटल्यांत तीच लावत गेले आणि हळूहळू ऑस्ट्रेलियातली मजुरी त्या हिशेबावर उभी राहिली.

मध्येच एक दुःखाची गोष्ट सांगते, कारण ती त्याच स्टेशनची आहे. २० एप्रिल १९०८, ईस्टरच्या सुट्टीची रात्र. सनशाईनच्या फलाटावर बॅलरॅटहून आलेली गाडी उभी होती, माणसांनी भरलेली. मागून बेंडिगोची गाडी येऊन तिच्यावर आदळली. ४४ माणसं गेली, चारशेहून जास्त जखमी. लेक रोज त्याच स्टेशनवरून कामाला जायची. हे कळल्यावर ती परत येईपर्यंत माझा जीव काही दिवस थाऱ्यावर नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या अपघातानं घाबरणारी मी एकटीच असेन.

आता बायांचा हिशेब बघू. ७ शिलिंग कोणाला? पुरुषाला. का? तो बायको आणि तीन लेकरं पोसतो म्हणून. मग जी बाई स्वतः कामावर जाते तिला? तर ती फक्त स्वतःचं पोट भरते, असं धरलं. विधवा असो, नवऱ्यानं टाकलेली असो, तिच्या पदरात चार लेकरं असोत. बायांनी कोर्टात येऊन घरखर्च सांगितला, त्यावर मजुरी ठरली, आणि त्याच मजुरीतून बायांना वगळलं. मूळ रहिवासी तर त्या हिशेबात नव्हतेच. गुराढोरांच्या मोठ्या कुरणांवर राबणाऱ्या आदिवासींना बरोबरीची मजुरी द्यायचा निकाल लागायला १९६६ साल उजाडलं.

बायांबद्दलचा एक खटला तर आपल्या बांधावरचाच वाटावा. १९१२ साल, मिल्ड्युरा भागातले फळबागांचे मजूर. हेच हिगिन्स. फळं तोडायचं काम पुरुषही करत, बायाही करत. तिथे ते म्हणाले, दोघांना सारखाच दर द्या. ऐकून बरं वाटलं ना? पण कारण ऐका. बाई स्वस्त पडली तर मालक तिलाच ठेवील आणि पुरुषाची भाकरी जाईल, म्हणून. आणि फळं पेटीत भरायचं काम? ते बायकांचं काम, तिथे पुरुषाची भाकरी जायची भीती नाही, म्हणून तिथे कमी दर चालेल.

लेकीनं पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, “आई, आपल्या वावरात गड्याला किती देतेस आणि खुरपणीच्या बायांना किती?”

मी बाळाचं दुपटं बदलायला उठले. उत्तर मला माहीत होतं. आमच्या वावरात औषध मारायला, दारं धरायला गडी येतो, त्याचा रोज वेगळा. खुरपायला बाया येतात, त्यांचा रोज त्याच्याहून बराच कमी. वर्षानुवर्षं. मी शाळेत बरोबरीचे धडे शिकवले, गटात सह्या करायला शिकवल्या, आणि शनिवारी पाकीट काढून त्यांना कमी पैसे मीच मोजले. का म्हणून कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, काम वेगळं आहे. पेट्या भरणाऱ्या बायांना हेच सांगितलं होतं. आणि ऊसतोडीला आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, उचल नवऱ्याच्या हातात, तिथे तर बाईचा वेगळा आकडाच नसतो.

पुढचं भराभर सांगते. १९१९ साली तिथे बाईचं किमान वेतन ठरलं ते पुरुषाच्या शंभराला चोपन्न. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, बायांनी त्यांची यंत्रं चालवली, तेव्हा काही कामांत शंभराला नव्वदपर्यंत मिळालं. १९५० साली सगळीकडे पंचाहत्तर ठरलं. म्हणजे सात शिलिंगांपासून त्रेचाळीस वर्षांनी बाई बारा आण्यांवर आली.

मग १९६९. कोर्टानं समान कामाला समान वेतन मान्य केलं, पण बाई आणि पुरुष अगदी एकच काम करत असतील तरच. नुसत्या बायकाच करतात ती कामं तशीच राहिली. तेव्हा झेल्डा द’अप्रानो नावाची बाई, खाटीक कामगारांच्या युनियनच्या कचेरीत कारकून, २१ ऑक्टोबर १९६९ ला मेलबर्नच्या सरकारी इमारतीच्या दाराला स्वतःला साखळीनं बांधून उभी राहिली. पोलिसांनी साखळी कापली. दहा दिवसांनी ती पुन्हा बांधून घेऊन उभी, या वेळी आणखी दोघी सोबत. आणि नंतर या बायांनी काय केलं माहीत आहे? ट्राममध्ये चढायच्या आणि तिकिटाचे पंचाहत्तर टक्केच पैसे द्यायच्या. कंडक्टरनं विचारलं की म्हणायच्या, आम्हाला पगार पंचाहत्तर टक्के मिळतो, भाडंही तेवढंच घ्या. मी मोठ्यानं हसले, बाळ जागं झालं.

१९७२ च्या डिसेंबरमध्ये निकाल आला, की काम तेच नसलं तरी तोलामोलाचं असेल तर वेतन समान. झेल्डाबाई २०१८ साली वारल्या. मेलबर्नमध्ये त्यांचा पुतळा २०२३ साली उभा राहिला. आम्ही जाऊन बघितला. पुतळा म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे घोडा येतो, ही साधी बाई आहे.

सनशाईनचा कारखाना एकेकाळी सुमारे तीन हजार माणसांचा होता. मकाय १९२६ ला वारला, पुढे कारखाना परदेशी कंपनीकडे गेला, मग उतरती कळा. १९९२ साली बहुतेक इमारती पाडल्या आणि त्या जागेवर आता मोठा बाजार आहे. त्याच बाजारात मी बाळाचे लंगोट घेतले. थोडं जुनं बांधकाम राखलंय. गिरणगावातल्या चिमण्यांच्या जागी मॉल झाले, तसंच हे.

पण माणसं यायची थांबली नाहीत. महायुद्धानंतर माल्टा, इटली, पोलंड, ग्रीस इथली आली, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून व्हिएतनामची, नंतर आफ्रिकेतली, आता आपलीही पुष्कळ. बाजारात कोथिंबिरीची जुडी, ओली हळद, कारली, भेंडी, सगळं व्हिएतनामी बायांच्या दुकानात मिळायचं. भाषा येत नाही, पण भेंडीचं टोक मोडून बघताना मला पाहिलं आणि दुकानवालीनं डोळे वटारले. सगळीकडे सारखंच.

लेकीच्या समोर एक व्हिएतनामी आजी राहते. माझ्याहून थोडी मोठी. लेकीच्या मध्यस्थीनं आमच्या गप्पा व्हायच्या. ती वीस वर्षं घरी शिवणकाम करायची. एक माणूस कापलेले तुकडे आणून टाकायचा, ती गॅरेजमध्ये बसून शर्ट शिवायची, नगावर पैसे. माल उद्या हवा म्हणाला की रात्र. मुलं शाळेतून आली की धागे कापायला बसायची. दुखलं तर सुट्टी नाही, पैसे महिना-महिना उशिरा, कधी शिलाई वाकडी म्हणून कापून. किमान वेतन देणाऱ्या देशात, सनशाईनच्या एका गॅरेजमध्ये! कारण कागदोपत्री ती कामगारच नव्हती, घरी बसून शिवणारी बाई होती. तशा हजारो होत्या. १९९६ पासून युनियन, चर्च आणि बायांच्या संघटनांनी मिळून फेअरवेअर नावाची मोहीम चालवली, मोठ्या दुकानांना विचारायला लागले, हा शर्ट कुणी शिवला, किती दिले? २००३ साली त्या राज्यात घरी शिवणाऱ्या बायांसाठी कायदा झाला, त्यांना कामगार धरून थकलेले पैसे मागायचा हक्क मिळाला.

मी आजीला विचारलं, तुम्ही हिशेब ठेवायचा का? ती आत गेली आणि शाळेच्या जुन्या वह्या घेऊन आली. मुलाच्या गणिताच्या वह्या. उलट्या बाजूनं तिचे आकडे. कॉलर इतक्या, बाह्या इतक्या, तास इतके, मिळाले इतके. त्याच वह्या दाखवून तिला काही पैसे मिळाले, सगळे नाही.

आता परत आल्यावरचं. यंदा पहिल्या खुरपणीला मी बायांना गड्याएवढा रोज दिला. आमच्या घरचे आधी बोलले नाहीत, मग दोन दिवस नुसतेच बोलत होते. हिशेब मांडून दाखवला. उसाला ते जमतं, ज्वारीला जड जातं, हे मलाही कबूल आहे. बांधाशेजारचे एक काका घरी येऊन म्हणाले, “बाई, तुम्हाला पेन्शन आहे. आमची कशाला पंचाईत करता?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांच्या मालाला भाव नाही, ते कुठून देणार? पण मजूर बाईच्या घरात आठवड्याला किती लागतं, हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नव्हतं. आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या सहाजणींना मी विचारलं. पहिली म्हणाली, लागतं काहीबाही. मग मी तेल किती, असं विचारलं. मग तिखट. मग मोबाईलचा रिचार्ज. मग दवाखाना. दुपार झाली तरी यादी संपेना, आणि सगळ्या हसत होत्या.

ती वही भरत आली आहे. येत्या बैठकीला घेऊन येते. तुम्हीही आपापली आणा, पाठकोरी चालेल.